अनुभवाचा दाखला

मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति २७:१-२९, ३२:२२-३२, योहान २:१-११

मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्या माणसाला ‘दाखला’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, दहा कुमारींचा दाखला. शब्बाथशाळेत आपण मुलांना हे दाखले चित्रे दाखवून शिकवतो. तेच मूल मोठे झाले म्हणजे त्याला निराळ्या प्रकारचे दाखले गोळा करीत फिरावे लागते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. प्रभूने सांगितलेले दाखले घडलेल्या गोष्टी नसूनही सत्य आहेत; आणि आपल्या हातातील दाखल्यावर सही-शिक्का असूनही तो खोटा असू शकतो.

या लेखाचा विषय दुसऱ्या प्रकारचा असा एक दाखला आहे. परदेशातील नोकरीचा व्हिसा मिळावा म्हणून ख्रिस्ती मनुष्याने आपल्या अनुभवाच्या दाखल्यात थोडी भर घातली, तर ते पाप आहे काय? आणि ती भर घालण्यास मंडळीने हात द्यावा काय? आज आपल्या अनेक घरांत हा प्रश्न उभा आहे. तो पुष्कळदा प्रार्थनेत मांडला जातो, पण मोकळेपणाने बोलला जात नाही. म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करतो.

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी नदी समुद्राला मिळते त्या बाजूला हजीरा आहे. तेथे खताचे, पोलादाचे व नैसर्गिक वायूचे मोठे कारखाने आहेत, बंदर आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून पोटासाठी सुरतेस आलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली येथे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काहींची मुले रोज हजीऱ्यास कामाला जातात. कारखान्यात पोलाद व खत तयार होते हे सर्वांना दिसते. परंतु तिन्ही पाळ्यांतील माणसांना जेवू घालावे लागते, कंपन्यांच्या अतिथिगृहांत देशोदेशीचे इंजिनिअर उतरतात, त्यांच्या खोल्या, चादरी, चहा-नाश्ता वेळेवर व्हावा लागतो, हे बाहेरच्यास दिसत नाही. हे काम करणाऱ्यांत आमच्या मंडळीतील एक तरुण आहे. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन तो अशा एका अतिथिगृहात लागला. प्रथम वाढपी, मग भांडारावर, आणि अलीकडे रात्रपाळीचा पर्यवेक्षक. मुलगा सालस आहे, कामसू आहे. घरी आई आहे, धाकटी बहीण आहे, आणि वडिलांच्या आजारपणातले कर्ज आहे.

२०२५ च्या आरंभी तो आपल्या आईला घेऊन माझ्या घरी आला. एका दलालाने त्याला इंग्लंडातील एका हॉटेलात व्यवस्थापकाची जागा मिळवून देण्याचे कबूल केले होते. मात्र व्यवस्थापक म्हणून पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला पाहिजे, असे दलालाचे म्हणणे होते. अतिथिगृहाचा ठेकेदार तसा दाखला देईना. तेव्हा दलालानेच मार्ग सुचवला. तुमच्या चर्चच्या कागदावर लिहून आणा, की हा पाच वर्षे आमच्या अतिथिगृहाचा व भोजनव्यवस्थेचा व्यवस्थापक होता. मी मंडळीचा सचिव असल्याने सही माझी हवी होती.

आमच्या मंडळीला अतिथिगृह नाही. मंदिरामागे दोन खोल्या आहेत, त्यांत बाहेरगावचे पाहुणे उतरतात. वर्षातून एकदा तीन दिवसांचा मेळावा होतो, त्यात अडीचशे माणसे जेवतात, आणि हा तरुण त्या तीन दिवसांत मनापासून राबतो. त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, अगदीच खोटं नाही ना ते? तोच तर सगळं बघतो मेळाव्यात.” या वाक्याला उत्तर देणे मला वाटले होते तितके सोपे गेले नाही.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. इंग्लंडचा सध्याचा ‘कुशल कामगार’ व्हिसा १ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाला. ज्या मालकाकडे सरकारचा परवाना आहे तोच परदेशी कामगारास बोलावू शकतो, आणि त्यासाठी तो कामगाराच्या नावे प्रायोजकत्वाचा दाखला देतो. पाहा, तेथेही दाखलाच! ४ एप्रिल २०२४ पासून या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान वार्षिक वेतन २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंड करण्यात आले. जागा खरी आहे काय, आणि उमेदवार ते काम करण्यास खरोखर लायक आहे काय, हे अधिकारी तपासू शकतो. फसवणूक उघडकीस आली तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय पुढील दहा वर्षे दार बंद होऊ शकते. आपल्या देशात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीस माणसे पाठवणाऱ्या दलालाने सरकारकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि त्याला ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. या दलालाने मागितलेली रक्कम लाखांत होती. जो माणूस लाख रुपये मागतो आणि वर खोटा कागदही मागतो, त्याच्याविषयी सावध होण्यास धर्मशास्त्राची पदविका लागत नाही.

परंतु पकडले जाण्याचे भय हे नीतीचे उत्तर नव्हे. समजा, कोणी पकडणार नाही. मग काय?

तरुणाने स्वतः जे मुद्दे मांडले ते मी प्रामाणिकपणे येथे देतो, कारण ते पोरकट नव्हते. पहिला, मी ते काम करू शकतो. म्हणजे कागद खोटा असला तरी माणूस खोटा नाही. दुसरा, यात कोणाचे नुकसान नाही. तिसरा मुद्दा हजीऱ्याच्या मातीतला होता. तो म्हणाला, “काका, इथून जवळच सुवालीच्या किनाऱ्याला इंग्रजांची जहाजं लागायची. त्यांना कोणी अनुभवाचा दाखला विचारला होता?” चौथा मुद्दा शास्त्रातला होता. अब्राहामाने सारेला बहीण म्हटले, मिसरातील सुइणींनी फारोला खोटे सांगितले, आणि अन्यायी कारभाऱ्याने धन्याच्या कुळांचे कागद बदलले तरी धन्याने त्याची वाहवा केली.

शेवटच्या मुद्द्यापासून आरंभ करू. शिफ्रा व पुवा या सुइणींनी तान्ह्या मुलांचे प्राण वाचवण्यासाठी फारोला चकवले, आणि देवाने त्यांचे कल्याण केले. थोर ख्रिस्ती विचारवंतांत याविषयी मतभेद आहेत. ऑगस्टीनने कोणत्याही हेतूने सांगितलेले खोटे पापच मानले. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर याने १९४३ साली बर्लिनच्या तुरुंगात सत्य बोलण्याविषयी एक लेख लिहावयास घेतला, तो अपुराच राहिला. त्यात त्याने एक उदाहरण घेतले आहे. शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतात, तुझे वडील दारू पिऊन घरी येतात ना? मुलगा नाही म्हणतो. बोनहॉफरच्या मते येथे दोष विचारणाऱ्याकडे अधिक आहे, कारण दुसऱ्याच्या घराची अब्रू उघडी करण्याचा त्यास अधिकार नव्हता. सत्य कोणास, कोणत्या नात्याने देणे लागते, हा विचार त्यात आहे.

हा विचार मी मान्य करतो. पण तोच विचार आपल्या प्रकरणाला लावून पाहू. व्हिसाचा अधिकारी आमच्या दारात येऊन आमची अब्रू विचारीत नाही. आम्ही त्याच्या दारात जातो, आम्हाला आत घ्या म्हणतो, आणि तू कोण आहेस एवढेच तो विचारतो. दार ठोठावणाऱ्याने आपले नाव खरे सांगणे हे त्या नात्यातच आहे. सुइणींनी दुसऱ्यांच्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. आम्ही स्वतःच्या लाभासाठी दुसऱ्याच्या विश्वासाचा उपयोग करीत आहोत. ही दोन कामे एका ओळीत बसत नाहीत. अब्राहामाविषयी म्हणावे तर शास्त्राने त्याची स्तुती केलेली नाही. उलट विधर्मी फारो देवाच्या माणसाला जाब विचारतो, आणि अब्राहामाकडे उत्तर नसते. अन्यायी कारभाऱ्याची तर नोकरी आधीच गेली होती. धन्याने वाहवा केली ती त्याच्या धूर्तपणाची, त्याच्या लबाडीची नव्हे. आणि प्रभूने लागलीच पुढे थोडक्या गोष्टींत विश्वासू राहण्याविषयी शिकवले आहे.

आता सुवालीविषयी. तरुणाच्या बोलण्यात तथ्य आहे. १६१२ साली सुवालीजवळ इंग्रज व पोर्तुगीज यांची सागरी लढाई झाली, आणि १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तेथेच उतरून जहांगीर बादशहाकडे व्यापाराची परवानगी मागण्यास गेला. ज्यांनी पूर्वी आपल्या किनाऱ्यावर परवानगी मागितली, त्यांच्या दारात आज आपण परवानगी मागत आहोत. जगाच्या सीमांत अन्याय आहे, श्रीमंत देशांचे कायदे त्यांच्या सोयीचे असतात, हे मी नाकारीत नाही. पण त्याच काळातील आणखी एक आठवण आपण वाचली पाहिजे. रोच्या पदरी एडवर्ड टेरी नावाचा पाळक होता. तो १६१६ साली येथे आला, आणि त्याचे प्रवासाचे पुस्तक १६५५ साली छापले गेले. त्यात तो खेदाने लिहितो, की परदेशी ख्रिस्ती लोकांची दारूबाजी, मारहाण व फसवेगिरी पाहून येथील लोक ख्रिस्ती धर्मालाच वाईट म्हणत. बाजारात भावावरून घासाघीस झाली, तर फसवायला मी काय ख्रिस्ती आहे, अशा अर्थाचे येथील दुकानदार त्यांना सुनावीत.

वाचकहो, ज्या भूमीत आपली मंडळी आज उपासना करते, तेथे चारशे वर्षांपूर्वी ‘ख्रिस्ती’ या शब्दाचा अर्थ ‘फसवणारा’ असा झाला होता. पुढे कितीतरी निष्ठावंत माणसांनी शाळेत, दवाखान्यात, साध्या घरगुती वागणुकीत आयुष्य वेचून तो डाग पुसला. मंडळीच्या कागदावरील शिक्क्याला आज जी किंमत आहे ती त्यांची मिळकत आहे. ती माझी नाही. मग ती मी कोणाला कशी देऊन टाकू?

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी असाच एक कागद माझ्याकडे आला होता, आणि मी सही केली होती. तेव्हा मी नुकताच सचिव झालो होतो, आणि नाही म्हणणे मला कठोरपणाचे वाटले. तो भाऊ आखातातील एका हॉटेलात गेला. दोन वर्षांनी रजेवर आला, त्याने मंडळीत उपकारस्तुतीचे दान दिले, आणि देवाने माझ्यासाठी बंद दार उघडले अशी साक्ष दिली. सर्व मंडळी आमेन म्हणाली. मी पुढच्या बाकावर होतो. माझ्या तोंडून आमेन निघेना, कारण ते दार कोणी उघडले हे मला ठाऊक होते. उपासनेनंतर त्याने माझा हात धरला व बाजूस नेऊन सांगितले, की तेथे चार-चार महिने पगार अडकवतात, पण तक्रार करता येत नाही. माझा कागद खोटा आहे हे पाठवणाऱ्याला माहीत आहे. ज्याच्याकडे आपले खोटे गहाण पडले तो आपला सावकार होतो, हे मी त्या दिवशी शिकलो. ‘यात कोणाचे नुकसान नाही’ या मुद्द्याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते त्या भावाच्या चेहऱ्यावर सापडले. शिवाय ती जागा ज्या खऱ्या अनुभवी माणसास मिळाली असती, त्याचा चेहरा तर मी कधी पाहिलाच नाही.

याकोबाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकवतो, पण बहुधा अर्धीच शिकवतो. आंधळ्या बापाने विचारले, तू कोण? याकोब म्हणाला, मी एसाव. हातावर करडाची कातडी होती, अंगावर भावाचे कपडे होते, आणि आशीर्वाद मिळाला. पुष्कळ लोक येथेच थांबतात व म्हणतात, पाहा, शेवटी आशीर्वाद मिळालाच की! पण आशीर्वाद घेऊन त्याला घर सोडून पळावे लागले. परक्या देशात वीस वर्षे लाबानाची चाकरी करावी लागली, आणि लाबानाने त्याची मजुरी पुन्हा पुन्हा बदलली. ज्या आईने कातडी बांधून दिली तिची व त्याची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्र सांगत नाही. अखेर यब्बोकाच्या उताराशी रात्रभर झुंज झाली, तेव्हा त्याने पुन्हा आशीर्वाद मागितला. पुन्हा तोच प्रश्न आला, तुझे नाव काय? या वेळी त्याने खरे नाव सांगितले. त्यानंतरच नवे नाव व आशीर्वाद मिळाला, आणि तो लंगडत चालू लागला. देवाला एसावाला आशीर्वाद द्यावयाचा नव्हता, याकोबालाच द्यावयाचा होता. परंतु याकोब स्वतःच्या नावाने त्याच्यापुढे उभा राहीपर्यंत तो आशीर्वाद त्याच्या अंगी लागला नाही.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहा. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चास ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार होता. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयाने त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परक्या देशात, लहान मुलगी बरोबर, निवारा व शिक्षण दुसऱ्यांच्या कृपेवर. अशा वेळी यजमानांना रुचेल ते बोलणे किती सोपे होते! परंतु ज्या धर्ममतांविषयी त्यांच्या मनाची खात्री नव्हती ती केवळ आश्रयदात्यांसाठी मान्य करण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. हा वाद त्यांच्या पत्रव्यवहारात आहे, आणि ती पत्रे १९७७ साली प्रसिद्ध झाली आहेत. गरजू मनुष्याला खरे बोलणे परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती वाचावीत.

मग मी त्या तरुणास काय सांगितले? त्याला काना गावच्या लग्नाकडे नेले. त्या लग्नात एक भोजनकारभारी होता. आजच्या भाषेत तो व्यवस्थापकच. द्राक्षारस कोठून आला हे त्या कारभाऱ्यास कळले नाही, पण पाणी काढणाऱ्या चाकरांस ठाऊक होते, असे योहान मुद्दाम लिहितो. हुद्दा कारभाऱ्याकडे होता आणि प्रभूच्या कार्याचे ज्ञान चाकरांकडे होते. मी त्याला म्हणालो, बाबा, तू पाणी काढणारा आहेस. तुझ्याजवळ जे खरे आहे ते लिहू.

आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. किती वर्षे वाढले, भांडाराचा हिशोब किती महिने एकट्याने सांभाळला, रात्रपाळीत हाताखाली किती माणसे होती. पावसात रस्ता बंद होऊन सकाळची पाळी आली नाही, त्या दिवशी उरलेल्या चार माणसांना हाताशी धरून त्याने सर्वांचा नाश्ता व जेवण वेळेवर कसे दिले, तेही लिहिले. मेळाव्याचे तीन दिवस ‘तीन दिवस’ म्हणूनच लिहिले. त्यावर मी आनंदाने सही केली. त्याने तो कागद दोनदा वाचला व म्हणाला, “मी एवढं केलंय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.”

दलालाने तो कागद निरुपयोगी म्हणून परत केला. पुढे २२ जुलै २०२५ पासून इंग्लंडने नियम आणखी कडक केले. किमान वेतन ४१,७०० पौंड झाले, व साधारणपणे पदवीच्या पातळीची कामेच या व्हिसास पात्र राहिली. त्यामुळे हॉटेलच्या व उपाहारगृहाच्या व्यवस्थापकांना परदेशातून नव्याने जाण्याचा हा मार्ग बंद झाला. तरुण हजीऱ्यासच आहे. कर्ज अजून फिटलेले नाही. त्याची आई उपासनेस येते, मागच्या बाकावर बसते, आणि शेवटचे गीत संपताच निघून जाते. आधी सही केली असती तर जुलैपूर्वी तो गेला असता, असे तिला वाटते. कदाचित गेलाही असता.

म्हणून खरे बोला म्हणजे व्हिसा मिळेल, असे या लेखाच्या शेवटी मी लिहिणार नाही. देव सत्याची मजुरी अशी रोख मोजून देत नाही. पण एक गोष्ट मला टोचत राहते. सत्य माझ्या सहीत राहिले आणि त्याची किंमत त्या मुलाच्या घराने भरली. हे न्याय्य नाही. जी मंडळी खोटा दाखला नाकारते, तिने तेवढ्यावर हात धुऊन मोकळे होऊ नये. तिने त्या तरुणाबरोबर एक कोस चालले पाहिजे. दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे तपासून देणे, इंग्रजीचा सराव करून घेणे, खरा व नीट लिहिलेला दाखला देणे, कर्जाच्या अडचणीत साह्य करणे, ही मंडळीची कामे आहेत. आमच्याकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग सुरू केला आहे. तो तरुण त्यात येतो. आईची मी वाट पाहतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. याकोबाची गोष्ट शिकवाल तेव्हा कातड्यांपाशी थांबू नका, यब्बोकापर्यंत जा. मुलांना विचारा, पहिल्या वेळी त्याने कोणते नाव सांगितले आणि दुसऱ्या वेळी कोणते? त्या वर्गातील एखादे मूल उद्या परक्या देशाच्या खिडकीपाशी उभे राहील आणि त्याला विचारले जाईल, तू कोण? त्या वेळी त्याला स्वतःचे नाव सांगण्याचे धैर्य प्रभू देवो, आणि त्याच्या पाठीशी उभे राहण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांस देवो.